काखेतली परात

शिंगाडे सोलत होतो आम्ही दोघं नवरा-बायको, सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत बसून. बोडीतले, गावतळ्यातले ताजे शिंगाडे, नुकतेच उकडून काढलेले, हात लावला की चटका बसावा असे. तिचा हात भराभर चालायचा. माझा एक अजून नखातच, तोवर तिच्यापुढे टरफलांचा ढीग.

"अजी, तुमच्या नखाले धारच नाई," ती म्हणाली. "अर्धा शिंगाडा टरफलातच ठेवून राहिले."

"मंग तूच सोल ना. मले कायले बसवलं?"

"एकटीले करमत नाई म्हून."

फुटके आमच्या तोंडात जात होते अन अख्खे परातीत पडत होते. परातीतल्यांना मी हात लावायचा नाही, हे ठरलेलं. समोरच्या घरची सून आठव्या महिन्यात होती. जंगलापलीकडच्या गावची पोरगी, आई मेलेली, म्हणून पहिलटकरीण असून माहेरी कोणी नेली नाही. वाळल्या काडीसारखे हात अन पुढे तेवढं पोट. ते शिंगाडे तिचे होते. परात भरली तशी माझी बायको उठली, पदर खोचला, परात कमरेवर घेतली अन गल्ली ओलांडून गेली. मी टरफलं गोळा करून ढोरापुढे टाकली.

त्याच दिवशी उन्हं उतरताना आम्ही माझ्या बायकोला बोडीच्या पाळीवर, मसणात नेलं. ते सांगायचं आहेच, पण आधी ती कशी होती ते सांगतो. कारण तिला खादाड म्हणणारे लोक गावात अजून आहेत.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. त्यांना दिसायचं ते असं, की जेवणाची वेळ झाली की माझी बायको पितळेची मोठी परात काखेत घेऊन गल्लीनं निघायची. परात एवढी मोठी, की मागून पाहिलं तर परातच चालली आहे असं वाटायचं. काठ एका जागी चेपलेला. कुत्रीसुद्धा ओळखायची अन मागं लागायची. ज्या घरात कोणाला दिवस गेले असतील त्या घरात ती शिरायची, बोलावणं नसताना, अन चुलीजवळ बसकण मारायची.

"भूक लागली वो बाई. वाढ."

आमच्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणत नाहीत. सासू वाढायची. पण ही हात लावायची नाही.

"सुनेले बसव माह्याबरोबर. मी एकटी जेवत नाई. घास अडकते माह्या गळ्यात."

"ती जेवन मागून. माणसं अजून वावरातून आली नाई."

"मंग मी बी मागून जेवीन. बसते इथंच."

अन बसायची. बोलायला तिला विषय लागायचा नाही. कोणाची म्हैस आटली इथून सुरू व्हायची, ते सासूच्या लग्नात कोण रुसलं होतं तिथपर्यंत जायची. शेवटी सासू कंटाळून म्हणायची, बस वो पोरी, नाहीतर ही उठत नाही. पोरगी बसली की ही सासूलाही सोडायची नाही. "तू कायले उभी? तू बी बस." मग तिघी एका परातीभोवती. वरण पोरीकडे सरकवायचं, भाताची कड बोटानं तिच्या बाजूला ढकलायची, झिंग्याची चटणी तिच्यासमोर करायची, हे सगळं बोलता बोलता. स्वतः दोन घास खायची. घरी येऊन पुन्हा माझ्याबरोबर दोन घास. गावाला वाटायचं ही दोनदा जेवते. ती दोन्हीकडे अर्धीच जेवायची.

पोटातल्या लेकराला ती पाव्हणा म्हणायची. पोरीच्या पोटाजवळ तोंड नेऊन मोठ्यानं विचारायची, "काय गा पाव्हण्या, भरलं का पोट?" पोरगी लाजून म्हणायची, भरलं मोठेमाय. तर ही डाफरायची, "तुले कोनं इचारलं? मी पाव्हण्याले इचारून राहिली."

सानगडीच्या बाजारात एकदा चहाच्या टपरीवर एकानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय गा, औंदा धान कमी झालं का? तुही बुढी गावभर जेवत फिरून राहिली." सगळे हसले. मी चहा अर्धा टाकून आलो. घरी आल्यावर तिला म्हटलं, लोक हासून राहिले वो.

"हासू द्या," ती म्हणाली. "हासलं का पोट हलते. खाल्लेलं जिरते."

आता हे कुठून आलं ते सांगतो. ती परात माझ्या आईची. आईच्या लग्नातलं आंदण. आई वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. तिची सख्खी बहीण बाळंतपणात लेकरू अडून गेली होती अन आईनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच, लेकरू मोठं झालं की अडतं. म्हणून माझ्या बायकोला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा आईचा वाढायचा हात आखडला. "पोट कमी भरलं का वाट मोकळी रायते," म्हणायची. माणसं जेवली, आई जेवली, मग गंजात, म्हणजे भाताच्या भांड्यात, खरवडून जे निघेल ते, नाहीतर पेज. अन काम होतंच. रोवण्याचे दिवस होते, दिवसभर चिखलात वाकून धानाचे परे लावायचे.

लेकरू आलं ते मांजरीच्या पिलाएवढं. रडायलाही त्याला ताकद नव्हती. थोडे दिवस राहिलं अन गेलं. आईनंच त्याला शेवटची आंघोळ घातली.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा माझ्या बायकोनं काय करावं? भांडली नाही, रडली नाही. माणसं जेवून उठली तशी चुलीपाशी गेली, आईची परात उतरवली अन आईपुढे ठेवली.

"सासूबाई, आजपासून मी एकटी जेवत नाई. तुमी बसा माह्याबरोबर. याच परातीत."

"येडी झाली का वो? सासू-सून एका ताटात?"

"मंग मी बी उपाशी, पाव्हणा बी उपाशी."

मी सपरीत सुतळी वळत होतो, सगळं ऐकू येत होतं. भात थंड झाला. आई बडबडत होती, मग बडबड थांबली. मी आत डोकावलो तर दोघी परातीच्या दोन बाजूंना बसलेल्या. माझी आई लग्न होऊन आली तेव्हापासून चुलीकडे तोंड करून, दाराकडे पाठ करून, सगळ्यांच्या शेवटी जेवायची. तिला आजपर्यंत कोणी माझ्याबरोबर बस म्हटलं नव्हतं. तिच्या सासूनं नाही, बाबानं नाही, अन माझ्या तर ध्यानातही आलं नव्हतं. ती जेवत होती अन पदरानं नाक पुसत होती.

अन एका परातीत जेवायला बसलं की दुसऱ्याचा घास मोजता येत नाही. कमी वाढायचं तर स्वतःलाही कमी पडतं. माझ्या बायकोनं हे ठरवून केलं की तिला खरंच एकटीला घास जात नव्हता, हे मी तिला पुढे कितीदा विचारलं. ती म्हणायची, "तुमाले काय करणं आहे? पोरगी झाली ना धडधाकट?" झाली. तिचं पहिलं रडणं गल्लीच्या तोंडापर्यंत गेलं. अन अडलीबिडली काही नाही. आई गेली त्याच्या आधी तिनं ती परात सुनेच्या हातात दिली.

माझ्या बायकोची तऱ्हाच वेगळी होती. आमच्या भागात घरोघर बिड्या वळतात. बाईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू अन तेंदूची पानं, सकाळपासून मान खाली. पोटुशी बाई अशी बसलेली हिला चालायची नाही. "त्याच्या नाकासमोर तंबाखू धरून बसली, वरून म्हणते अंग कायले मळमळते." पण बिड्या नाही वळल्या तर घर कसं चालेल? म्हणून ही तिचं सूप ओढून स्वतःच्या मांडीवर घ्यायची अन तिला म्हणायची, जा, बोरिंगपर्यंत चालून ये, पाय मोकळे कर. हिच्या हातच्या बिड्या म्हणजे काय सांगू. एक गाजरासारखी, दुसरी काडीसारखी. बिड्या मोजून घेणाऱ्या मुन्शीनं अख्खी जुडी फेकून दिली तेव्हा ती पोरगी रडायला लागली. ही मुन्शीला म्हणाली, "धूर निघते का नाई? मंग झालं." पुढे पोरीच तिला हात जोडायच्या. मोठेमाय, चालून येतो आम्ही, पण सुपाले हात लावू नको.

नसबंदीची धास्ती होती त्या काळात सायकलवर एक नर्सबाई यायची. पोटुशा बायांना रक्ताच्या गोळ्या द्यायची. बाया तिच्यासमोर घ्यायच्या अन ती गेली की उकिरड्यात टाकायच्या. एक म्हणे यानं पुन्हा लेकरू होत नाही, दुसरी म्हणे यानं परसाकडं काळं होतं, आतून सडतं. माझी बायको विहिरीवर गेली अन सगळ्यांसमोर गोळी तोंडात टाकली. रोज एक, असे बरेच दिवस. मग एका सकाळी विहिरीच्या काठावर उभी राहून, पुरुष माणसं ढोरं घेऊन जात असताना, मोठ्यानं सांगितलं, "माही बी काळी झाली. मेली का मी? म्हशीची तर काळीच रायते, ते दूध देत नाई का?" मी बैल घेऊन त्याच वाटेनं चाललो होतो. बैल सोडून परत फिरलो. नर्सबाईला कळलं तेव्हा ती हसून हसून सायकलवरून उतरली. म्हणाली, "आजी, त्या गोळ्या तुमच्या वाट्याच्या नाहीत हो." पण त्या दिवसापासून उकिरड्यात गोळ्या दिसल्या नाहीत.

अन ती चुकली, तेही सांगतो. नाहीतर हे खोटं होईल.

खालच्या मोहल्ल्यातली एक सून नवव्या महिन्यात होती. हिच्या परातीतली. तिचं तोंड भरलं, हात भरले, बांगड्या रुतायला लागल्या. ही फुशारली. ज्याला त्याला सांगायची, "पाह्य, कसं अंग धरलं पोरीनं! माह्या परातीचं आहे ते." पोरगी म्हणायची डोकं ठणकते, डोळ्यासमोर काजवे चमकते. ही म्हणायची, उन्हाचं आहे, पड जराशी. नर्सबाई फेरीला आली, तिनं पोरीला आंगणातूनच पाहिलं. सायकल उभीही केली नाही, तशीच सोडून दिली.

"हे अंग नाही बाई. ही सूज आहे. गाडी जुंपा."

मी बैलगाडी जुंपली. मोठ्या रस्त्यापर्यंत गाडी, तिथून एक ट्रक थांबवला अन साकोली. ट्रकमध्ये पोरीचं डोकं हिच्या मांडीवर होतं. वाटेत पोरीला झटके आले. दात बसले, डोळे फिरले. माझ्या बायकोनं आपल्या पदराची घडी तिच्या दातात घातली अन साकोली येईपर्यंत पाव्हण्याशी बोलत राहिली. पोरगी वाचली. पाव्हणा वाचला नाही.

परत आल्यावर तिनं परात धानाच्या कोठीमागं टाकली. कितीतरी दिवस ती बाहेर निघाली नाही. माझ्याबरोबर जेवायला बसायची अन माझं होईपर्यंत ताटात बोट फिरवत राहायची. मी नुसता बसून राहायचो, उठायचो नाही.

मग नर्सबाई एक दिवस मुद्दाम घरी आली. सपरीत बसली, हिचा पाय पुढे ओढला अन नडगीवर अंगठा दाबून दाखवला. दाबून सोडलं की खड्डा भरून आला पाहिजे. खड्डा तसाच राहिला, डोकं दुखलं, डोळ्यापुढे चमकलं, की थांबायचं नाही. "तुमचं जेवू घालणं बरोबरच आहे, आजी. पण ताटाआधी पाय पाहत जा."

दुसऱ्या दिवशी परात बाहेर आली, राखेनं घासली. पहिल्यांदा ती त्याच घरी गेली, खालच्या मोहल्ल्यात. तिथल्या सासूनं पाट सरकवला.

तेव्हापासून गावाला नवीनच तमाशा. ही कोणाच्याही घरी गेली की आधी खाली बसून सुनेचा पाय मांडीवर घ्यायची. म्हातारी बाई अन पोरीसोरीचे पाय धरते. सासवा ओरडायच्या, "बाई, पाप लावतं का आमाले? ती तुह्या पाया पडन का तू तिच्या?" ही नडगीवर अंगठा दाबून, डोळे बारीक करून खड्डा पाहत राहायची. भरून आला की म्हणायची, "वाढ."

माझाही पाय सुटला नाही. संध्याकाळी मी वावरातून येऊन बसलो की अंगठा दाबायची. मी म्हणायचो, मले काय झालं? "पाहून राहिली, तुमाले बी पाव्हणा आहे का." तो अंगठा मला अजून कळतो. परात राखेनं घासून घासून त्याची कातडी खरखरीत झाली होती. आता मी बसल्या बसल्या स्वतःच दाबून पाहतो. तसं लागत नाही.

तर त्या दिवशी ती शिंगाडे घेऊन समोरच्या घरी गेली. त्या घरची सासू हट्टी. तिचंही माझ्या आईसारखंच, आठव्या महिन्यात पोट आवरलं पाहिजे म्हणे. ती सून एकटी असली की दिवसभर पेजेवर. म्हणून माझी बायको तिथं एक दिवस चुकवत नव्हती. "तिचे दिवस भरेतो मले मरायची बी फुरसत नाई," असं आदल्या दिवशीच म्हणाली होती.

आली, परात राखेनं घासली अन भिंतीला उभी केली.

"खाल्ले का?" मी विचारलं.

"सगळे खाल्ले. सासूनं बी खाल्ले." मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "जड वाटून राहिलं. पडते जराशी. तुमी जेवू नका. मी उठली का बसू संगं."

मी जेवलो नाही. चुलीवर भात होता. मी सपरीत बसून राहिलो. भात थंड झाला असेल म्हणून हाक मारली. मग आत गेलो.

आमची पोरगी लाखनीहून बसनं आली. उन्हं उतरताना नेलं. ते सगळं माणसांनी केलं. मी बरोबर होतो एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरची सासू जेवण घेऊन आली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे आणतात, कडू घास म्हणतात त्याला. तिनं गंज सपरीच्या काठावर ठेवला अन लांबूनच पदर डोळ्याला लावून परत गेली. लेकीनं माझ्यापुढे भात वाढला. "बाबा, दोन घास खा." मी घास घेतला. तो गेला नाही. गळ्यातच राहिला. खोटं सांगत नाही, तिथंच राहिला, पाणी प्यालो तेव्हा उतरला.

मी उठलो. भिंतीजवळची परात घेतली, ताटातला भात तिच्यात उलटा केला.

"कुठी चालले, बाबा?" लेक म्हणाली. "सुतक आहे. त्या घरी पोटुशी बाई आहे."

"मले माहीत आहे."

भाताची परात काखेत मारता येत नाही. दोन्ही हातांनी धरून गल्ली ओलांडली अन त्यांच्या कुंपणाच्या अलीकडे, रस्त्यातच खाली बसलो. सासू बाहेर आली अन दारातच थबकली.

"भाऊजी, हे काय? असं नका करू. घरी जा."

"आंगणात येत नाई मी. सूर्य समोर आहे, माही सावली मागं पडून राहिली, पाह्य. तुह्या घरावर येत नाई."

"मंग कायले आले?"

"तुनं घास आणला. तो मले खाणं आहे. पण मी एकटा जेवत नाई. सुनेले बसव."

ती उभीच राहिली. गल्लीतली माणसं थांबली. कोणीतरी मागून म्हणालं, बुढा येडा झाला. मी परातीकडे पाहत बसलो. सासू आत गेली. मला वाटलं दार लावून घेईल. पण ती दुसरा गंज घेऊन बाहेर आली, मागून सून, डोक्यावर पदर, पोट सांभाळत. सासूनं तिला दारात बसवलं. अन मग मी न सांगताच सासू स्वतः तिच्या शेजारी बसली. दोघींमध्ये एकच ताट ठेवलं.

"मामाजी, तुमी घ्या आधी," सून हळूच म्हणाली.

"थांब पोरी. पाय पुढं कर."

तिनं सासूकडे पाहिलं. सासूनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून सुनेचा पाय मांडीवर घेतला अन नडगीवर अंगठा दाबला. रोज पाहिलेलं होतं तिनं.

"खड्डा राहिला का?" मी रस्त्यातून विचारलं.

"नाई, भाऊजी. भरून आला."

"मंग वाढ."

तिनं वाढलं. पोरीनं घास घेतला, अन मी परातीत हात घातला.